पहिलाच टोला चुकला तर...

द्वितीय वर्ष, कला

गोल्फवरचा लेख, आणि लेखक नागापूरचा! वर्गमित्रांना हसू येणार हे मी धरूनच चाललो आहे. आमच्याकडे क्रिकेट आणि कबड्डी. गोल्फची काठी मी अजून हातात धरलेली नाही. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला येरवड्यात मामांकडे राहिलो होतो. त्यांचे एक शेजारी कित्येक वर्षे गोल्फच्या मैदानावर खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहतात. हे काम करणाऱ्याला कॅडी म्हणतात. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून या काकांनी मला खेळ समजावून दिला, आणि ऐकता ऐकता मला माझेच पहिले वर्ष आठवू लागले.

खेळ सांगायला सोपा आहे. गोट्या खेळताना आपण गल खणतो, तशा अठरा गली विस्तीर्ण मैदानात दूरदूर असतात. कमीत कमी टोल्यांत चेंडू प्रत्येक गलीत घालायचा. चांगल्या खेळाडूला कोणत्या गलीसाठी किती टोले लागावेत हे ठरलेले असते. त्याला ‘पार’ म्हणतात. एका गलीचा पार बहुधा 3, 4 किंवा 5 आणि अठरांचा मिळून 70 ते 72 च्या आसपास. एक टोला कमी लागला तर ‘बर्डी’, एक जास्त लागला तर ‘बोगी’. मोठ्या स्पर्धेत अशा चार फेऱ्या चार दिवसांत होतात. सर्व टोल्यांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजयी.

मेख या बेरजेत आहे. आपल्या श्रीरामपूरच्या जहीर खानने 2003 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्याच षटकात 15 धावा दिल्या होत्या. (त्याच जहीरने 2011 च्या अंतिम सामन्यात पहिली तीन षटके निर्धाव टाकली, हेही सांगितले पाहिजे.) पण क्रिकेटमध्ये कर्णधार गोलंदाज बदलू शकतो, आणि सोबतीला दहाजण असतात. गोल्फमध्ये पहिल्या गलीला चाराऐवजी सात टोले लागले, तर ते सात शेवटपर्यंत कागदावर राहतात. आणि थोड्याच वेळात तोच माणूस, तेच थरथरते हात घेऊन, दुसऱ्या गलीसाठी उभा असतो.

काकांचे म्हणणे असे, की पहिल्या गलीवर होते ते नुकसान लहान असते. खरे नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या गलीवर होते. गेलेले तीन टोले एकदम वसूल करायला माणूस निघतो. काठी घट्ट आवळतो, जोर वाढवतो. आवळलेल्या हातांनी काठी सैल, एका लयीत फिरत नाही आणि चेंडू झाडीत जातो. मग दोन झाडांमधली वीतभर फट त्याला दरवाजाएवढी दिसू लागते. अशा वेळी चेंडू आडवा, कापलेल्या गवतावर काढायचा असतो. एक टोला वाया जातो, पण एकच. साहेबांना हे पटत नाही. चिडलेला साहेब भरभर चालतो, हेही काकांनी हेरले आहे. म्हणून ते मुद्दाम पिशवी घेऊन सावकाश चालतात! काठ्या पिशवीत, पिशवी काकांच्या खांद्यावर; साहेबांना थांबावेच लागते. तेवढ्यात श्वास खाली बसतो. ही युक्ती कोणत्या पुस्तकात आहे की नाही, कोण जाणे. मला मात्र ती फार आवडली.

आता माझी गोष्ट. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पहिल्या सत्रात इंग्रजीच्या पेपरला पहिल्या प्रश्नातच तासभर अडकलो आणि मागचे दोन प्रश्न तसेच राहिले. तेवढ्यावर निभावले असते. परंतु भरपाई करायची म्हणून पुढच्या पेपरच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लावला नाही, आणि येत असलेला इतिहासही घालवला. दोन्ही विषय राहिले. वडील कारखान्यातून रात्रपाळी करून आले होते. गुणपत्रिका हातात घेऊन त्यांनी विचारले, “म्हणजे आता कॉलेज बंद का रे?” विषय राहिला तरी पुढे जाता येते, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक असणार? मलाही ते एका प्राध्यापकांनी सांगितले तेव्हा कळले.

गोल्फमध्येही अशा माणसाची सोय एकाने केली आहे. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या डॉक्टरांनी गुण मोजण्याची एक निराळी पद्धत काढली. 1932 साली इंग्लंडमध्ये वॉलसी येथे ती स्पर्धेत वापरली गेली. तीत पारला 2 गुण, बोगीला 1, आणि त्याहून वाईट कितीही खेळलात तरी शून्य; शून्याच्या खाली उतरायचे नाही. सुरुवातीच्या एकदोन गली बिघडल्या म्हणून लोकांनी खेळ सोडून जाऊ नये, हाच त्यांचा हेतू होता.

मोठ्या स्पर्धांत मात्र बहुधा टोलेच मोजतात. टोकियो ऑलिंपिकमधील पुरुषांचे गोल्फ 29 जुलै ते 1 ऑगस्ट 2021 या काळात कासुमिगासेकी येथे झाले. पार 71, खेळाडू साठ. तैवानच्या सी. टी. पॅनने पहिल्या दिवशी 74 टोले घेतले. पुढे 66, 66 आणि 63! कांस्यपदकासाठी सातजण बरोबरीत आले, आणि जादा गलींवर पॅनने ते जिंकले. त्याची पिशवी वाहत होती त्याची पत्नी.

त्याच मैदानावर पुण्याचा उदयन माने होता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतल्यामुळे त्याला आयत्या वेळी जागा मिळाली होती. पहिल्या दिवशी त्याचे 76 झाले. व्यावसायिक स्पर्धांत दोन दिवसांनंतर मागच्यांना बहुधा घरी पाठवतात. ऑलिंपिकमध्ये तसे नव्हते, साठहीजण चार दिवस खेळणार होते. उदयनने पुढे 69, 70 आणि 72 केले. म्हणजे त्या तीन दिवसांत पारपेक्षा दोन टोले कमी. एकूण 287, क्रमांक 56 वा. छप्पन्नाव्याला पदक नसते. काकांना मात्र त्याचे चारही आकडे तोंडपाठ आहेत. मला सांगताना त्यांनी 76 भरभर उच्चारला, 69 पाशी थांबले आणि मग विडी पेटवली.