मिरकरवाड्याचं तोंड उघडं ठेवताना

मे महिना संपत आला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पाणी दिसेनासं होतं. १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे ट्रॉलर, पर्सिननेट नौका, गिलनेटवाले, फायबरच्या छोट्या होड्या, सगळ्या एकदमच घरी परततात आणि एकीला खेटून दुसरी अशा उभ्या राहतात. नेपाळहून आलेले खलाशी गावाकडे जातात. इंजिनं खोलली जातात, जाळी उतरवली जातात, नौका शाकारल्या जातात. पुढचे दोन महिने बंदर निवांत आहे, असं शहराला वाटतं. पण वर्षभरातला सगळ्यात मोठा उद्योग तिथे याच दोन महिन्यांत चालतो आणि तो समुद्र करतो. बंदराच्या तोंडाशी तो वाळू आणून टाकतो.

रत्नागिरी म्हटलं की हापूस, टिळकांचं जन्मघर, थिबा राजवाडा अशी नावं पटकन ओठांवर येतात. पाऊण लाख वस्तीच्या या शहराचा रोजचा रोख पैसा मात्र मोठ्या प्रमाणात मिरकरवाड्याच्या जेटीवरून येतो. जिल्ह्यातलं हे सगळ्यात मोठं मासळी बंदर. बांगडा, तारली, सुरमई, कोळंबी, म्हाकूल इथे उतरतं. काही आंबा घाटाने कोल्हापूरला जातं, काही महामार्गाने गोव्याकडे आणि त्याहून खाली दक्षिणेला, काही इथल्याच प्रक्रिया कारखान्यांत. बर्फवाले, डिझेलवाले, टेम्पोवाले, जाळी विणणारे, क्रेट उचलणारे, मासळी निवडणाऱ्या आणि शहरात पाटी घेऊन फिरणाऱ्या बाया, या सगळ्यांचा दिवस नौका किती वाजता आत येते त्यावर ठरतो. आणि नौका किती वाजता आत येते, हे तोंडाशी पाणी किती आहे त्यावर.

बंदराची जागा निवडली ती विचारानेच. रत्नदुर्ग किल्ल्याचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. त्याच्या टोकाजवळ १८६७ सालचं दीपगृह, दक्षिणेला मांडवीचा काळा समुद्र, उत्तरेला मिऱ्याचा उपसागर. या उपसागराच्या दक्षिण कोपऱ्यात, डोंगराच्या पाठीमागे मिरकरवाडा आहे. नैर्ऋत्येचा पाऊस आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या लाटा यांच्यापुढे डोंगर आडवा होतो. उरलेल्या बाजूने येणाऱ्या लाटा अडवायला ब्रेकवॉटर घातले. निसर्गाने अर्धी भिंत दिली, माणसाने अर्धी बांधली. कोकणात बंदर याहून शहाणपणाने वसवणं कठीण आहे.

पण याच शहाणपणात अडचण दडलेली आहे. पावसाळी लाट किनाऱ्यावर आपटते तेव्हा तळाची वाळू उचलते, पाण्यात तरंगत ठेवते आणि तिरक्या प्रवाहाबरोबर पुढे नेते. पाणी खवळलेलं असतं तोवर वाळू खाली बसत नाही. ती बसते पाणी शांत झालं की. आणि बंदर म्हणजे तरी काय, मुद्दाम शांत केलेलं पाणी. म्हणजे बंदर आपलं काम जितकं चोख करेल, तितका गाळ त्यात जास्त साचेल. मिरकरवाड्याच्या गाळाबद्दल वर्षानुवर्षं बातम्या येतात आणि त्यांत सूर असा असतो की कुणाच्या तरी चुकीने बंदर बिघडलं. चुका झाल्या असतील. पण एकही चूक झाली नसती तरी गाळ आलाच असता. त्याला वार्षिक खर्च मानायचं की आपत्ती, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि आपण आजवर त्याला आपत्ती मानत आलो.

ब्रेकवॉटरचं शास्त्र मला फार भुरळ घालतं. दुरून तो दगडांचा ढीग दिसतो, पण त्यात थर असतात. पोटात खाणीतून निघालेला बारीकमोठा दगड, त्यावर मध्यम आकाराच्या दगडांचा थर, म्हणजे आतला माल लाटेच्या ओढीने बाहेर येऊ नये, आणि सगळ्यात वर चिलखत: मोठे काळे दगड किंवा काँक्रीटचे चार पायांचे टेट्रापॉड. टेट्रापॉड १९५० साली फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या जलविज्ञान प्रयोगशाळेत जन्मले. एकमेकांत पाय अडकवून ते बसतात आणि मधल्या पोकळ्यांत लाट शिरून दमते. चिलखताचा दगड किती वजनाचा हवा, याचा हिशोब लाटेच्या उंचीच्या घनावर चालतो. लाट दुप्पट झाली तर दगड आठपट जड लागतो. म्हणून चार-दोन टन कमी वजनाचा दगड वापरून वाचवलेला पैसा एखाद्या वादळी रात्री पाण्यात जातो. कोकणातला हाताशी असलेला जांभा घराला उत्तम, पण इथे उपयोगाचा नाही. तो सच्छिद्र आणि हलका. इथे काळा दगडच लागतो.

मिऱ्याच्या उपसागरात लाटेचा जोर काय असतो हे पाहायला फार मागे जायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं तेव्हा ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्यावर रुतलं आणि पुढे कित्येक पावसाळे तिथेच मोडत पडलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते याच किनाऱ्याला घासून गेलं. अशा दिवशी लाखो रुपयांची नौका कुठे आहे, हे नाखव्याला विचारायची गरज नसते. ती आत असावी म्हणूनच बंदर असतं.

असं बंदर आखायचं काम एका माणसाचं नाही, एका खात्याचंही नाही. बंगळुरूला १९६८ पासून खास मासळी बंदरांच्या आखणीसाठी केंद्राची एक संस्था आहे, सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ कोस्टल इंजिनिअरिंग फॉर फिशरी. खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे बंदरांची छोटी प्रतिकृती करून तिच्यावर लाटा सोडतात, संगणकावर वाळूचा प्रवास मांडतात, आणि ब्रेकवॉटर शंभर मीटर वाढवला तर तोंडाशी काय होईल ते बांधण्याआधी पाहतात. जागा आणि नौका मत्स्यव्यवसाय खात्याकडे, ड्रेझिंगची, म्हणजे गाळ काढण्याची, जबाबदारी बहुतेक वेळा मेरीटाइम बोर्डाकडे, जेटीपर्यंतचा रस्ता आणखी कुणाकडे, पाणी आणि कचरा नगरपरिषदेकडे. बांधताना ही सगळी माणसं एका टेबलाशी बसतात, कारण भूमिपूजनाची तारीख ठरलेली असते. देखभालीला अशी तारीख नसते.

ड्रेझिंगचं वेळापत्रक बघा म्हणजे कोंडी कळेल. गाळ येतो जून ते सप्टेंबर. तेव्हा समुद्रात ड्रेझर उभा राहू शकत नाही. ऑगस्टात बंदी उठते, नारळी पौर्णिमा होते, नौका बाहेर पडतात. पावसाळा ओसरून समुद्र नीट निवळतो तोवर मासेमारी ऐन भरात आलेली असते, पर्सिननेटला तर परवानगीच मुळी सप्टेंबर ते डिसेंबर. म्हणजे ज्या महिन्यांत गाळ काढता येतो, त्याच महिन्यांत त्या चिंचोळ्या तोंडातून शेकडो नौकांची ये-जा असते. मग काम रेंगाळतं, निविदा उशिरा निघते, ड्रेझर जानेवारी-फेब्रुवारीत येतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोकळं केलेलं तोंड जूनमध्ये पुन्हा भरायला लागतं. काढलेल्या खोलीचा उपयोग किती दिवस झाला? जेमतेम दोन-तीन महिने. ऑक्टोबर उजाडताच यंत्र हजर हवं, आणि त्यासाठी करार एका वर्षाचा नाही, पाच-सात वर्षांचा हवा. ही गोष्ट मला इतकी उघड वाटते की ती आजवर नेमाने का होत नाही, याचं खरंच दुःख होतं.

तोवर तांडेल, म्हणजे नौका हाकणारे, आपल्या परीने मार्ग काढतात. भरलेल्या ट्रॉलरला दीड-दोन मीटर पाणी लागतं, वर लाटेच्या हिसक्यासाठी थोडं जास्त. रत्नागिरीला उधाणात भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरहून जास्त असतो. म्हणून तोंडाशी गाळ असला की सुकतीच्या वेळी मासळीने भरलेली नौका बाहेरच थांबते, पाणी चढायची वाट पाहते. थांबते म्हणजे इंजिन चालू, डिझेल जळतंय, बर्फ वितळतोय. उष्ण हवेत किलोभर मासळीला साधारण किलोभर बर्फ लागतो. दोन-तीन तास उन्हात काढले की हिशोब बिघडतो. आधी लागलेल्या नौकेच्या बांगड्याला लिलावात चांगला भाव मिळतो आणि मागून आलेला तोच बांगडा खाली येतो. गाळाची किंमत शेवटी अशी क्रेटमागे मोजली जाते, तीही मोजणाऱ्याला न कळता.

जमिनीवरची व्यवस्था हा बंदराचा दुसरा अर्धा भाग. लिलावगृह, बर्फ, गोडं पाणी, जाळी वाळवायची-शिवायची जागा, शौचालयं, मासळी धुतलेल्या पाण्याचा निचरा. निवडणीला पहाटेपासून बसणाऱ्या बायांसाठी सावली आणि शौचालय ही ब्रेकवॉटरइतकीच बंदराची गरज आहे, हे नकाशावर शेवटी लिहिलं जातं आणि पैसा कमी पडला की आधी गाळलं जातं. जागेचा प्रश्न वेगळाच. ज्या संख्येसाठी बंदर आखलं होतं, त्याहून कितीतरी जास्त नौका आल्या, आणि कामकाजाच्या आवारात झोपड्या, गोदामं, शेड उभी राहिली. जानेवारी २०२५ मध्ये ही अनधिकृत बांधकामं पाडण्यात आली. आवार मोकळं झालं हे विस्ताराच्या दृष्टीने गरजेचं होतं. पण त्यातल्या बऱ्याच शेडमध्ये जाळी आणि सामान असायचं, म्हणजे ती गरजही खरीच होती. ती नकाशात बसवली नाही तर शेड पुन्हा उगवतील.

आणि काढलेल्या गाळाचं काय? बंदराच्याच काठावर ढीग केला तर पहिल्या पावसात त्यातला बराचसा परत पाण्यात उतरतो. इकडे हाकेच्या अंतरावर मिऱ्या-मुरुगवाड्याचा किनारा वर्षानुवर्षं खचतो आहे, घरांच्या मागच्या अंगणापर्यंत लाट येते म्हणून तिथे धूपप्रतिबंधक बंधारा घालावा लागला. एकाच उपसागरात एका टोकाला वाळू नको झाली आहे आणि दुसऱ्या टोकाला ती पुरत नाही. तोंडातली स्वच्छ वाळू तपासून पाइपाने त्या किनाऱ्यावर सोडणं जगात अनेक ठिकाणी नेमाने होतं. डिझेलचा आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचा अंश असलेला आतला चिखल मात्र वेगळा ठेवावा लागेल. दोन कामांच्या निविदा दोन खात्यांच्या दोन फायलींत असेपर्यंत हे जमणार नाही.

सुरुवात फार महागही नाही. दरवर्षी दोनदा, मे अखेरीस आणि सप्टेंबर अखेरीस, तोंडाची खोली मोजायची आणि तो नकाशा लिलावगृहाच्या भिंतीवर लावायचा. कुठे किती पाणी आहे, हे तांडेलांना अनुभवाने माहीत असतंच. पण त्यांच्या तोंडी माहितीवर निविदा निघत नाही, मोजमापावर निघते. सलग पाच-सहा वर्षांची अशी मोजमापं हाती असली, तर दर पावसाळ्यात किती घनमीटर वाळू येते ते कळेल, आणि पुढच्या ऑक्टोबरसाठी पैसे मागताना मच्छीमार सोसायट्यांच्या हातात निवेदनाबरोबर आकडाही असेल.