स्मृति-संरेखन, ६८००० संस्करकातील

संगणकाच्या स्मृतीत राशी ठरावीक पटीच्या पत्त्यांवरच ठेवण्याची पद्धती. स्मृतीतील प्रत्येक बाइटाला क्रमाने पत्ता असतो. एका बाइटाची राशी कोणत्याही पत्त्यावर ठेवता येते. परंतु दोन वा चार बाइटांच्या राशीचा आरंभ कोठे असावा, हे संस्करकाच्या रचनेवर अवलंबून असते. ही जुळणी बहुधा कंपायलर करतो.

मोटोरोला कंपनीच्या ६८००० या संस्करकातील (१९७९) नोंदक ३२ बिटांचे असले, तरी त्याला स्मृतीशी जोडणारा मार्ग १६ बिटांचा, म्हणजे दोन बाइटांचा होता. त्यामुळे मोठ्या राशी सम पत्त्यावरच सुरू व्हाव्या लागत. विषम पत्त्यावरून अशी राशी मागितल्यास संस्करक पत्तादोष दर्शवून चालू काम खंडित करी. चार बाइटांची राशी नेहमीच दोन खेपांत येत असल्याने ती चाराच्या पटीतील पत्त्यावर ठेवण्यात लाभ नव्हता. म्हणून दोन बाइटांचे संरेखन पुरेसे होते.

६८०२० या संस्करकात (१९८४) मार्ग ३२ बिटांचा झाला व विषम पत्त्यावरील राशीही चालू लागल्या. आदेश मात्र सम पत्त्यावरच असावे लागत. चाराच्या पटीतील राशी एका खेपेत, तर अन्य पत्त्यावरील राशी अधिक खेपांत मिळते. त्यामुळे जीसीसी या कंपायलरात दोन बाइटांचे संरेखन मूलतः गृहीत धरलेले असले, तरी चार बाइटांचे संरेखन निवडण्याचा पर्याय ठेवलेला आहे. त्यामुळे वेग काहीसा वाढतो. पण स्मृती अधिक लागते. उदा., एक बाइटाचे अक्षर व त्यापुढे चार बाइटांची संख्या अशी नोंद पहिल्या पद्धतीत ६, तर दुसरीत ८ बाइट व्यापते. अशा १,००० नोंदींना अनुक्रमे ६,००० व ८,००० बाइट लागतात.

खरा धोका मिश्रणात आहे. वरील नोंदीतील संख्या पहिल्या पद्धतीत आरंभापासून दोन, तर दुसरीत चार बाइटांवर असते. आज्ञावलीचा एक भाग एका व दुसरा भाग दुसऱ्या पद्धतीने भाषांतरित झाला, तर संस्करक दोष न दर्शविता भलत्याच बाइटांना संख्या मानतो. प्रचलित प्रणालींचे द्विमान संकेत दोन बाइटांचे संरेखन गृहीत धरीत असल्याने हा पर्याय संपूर्ण आज्ञावली व तिची ग्रंथालये यांना एकत्रच लावावा लागतो.