नळीखालची नळी

लिव्हर रायफलीची सगळी ऐट चापाभोवतीच्या लांबट कडीत आहे. कडी खाली ढकलली की बोल्ट मागे सरकतो, उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी बाहेर पडते आणि घोडा चढतो. कडी वर ओढली की नवे काडतूस नळीत बसते. दस्ता खांद्यावरून हलत नाही आणि नजर नळीच्या टोकावरच्या माशीवरून ढळत नाही. ‘स्टेजकोच’ (१९३९) या चित्रपटात जॉन वेनने ही रायफल एका हाताने गरकन फिरवली, आणि प्रेक्षकांच्या मनात कडीची मोहिनी कायमची बसली.

छंद म्हणून नेमबाजी करणाऱ्या अमेरिकन माणसाने मात्र रायफल निवडताना कडीच्या आधी दुसरीकडे पाहावे: मुख्य नळीच्या पोटाला टेकून धावणाऱ्या बारीक नळीकडे. काडतुसे त्या नळीत एकामागे एक आडवी झोपलेली असतात. कोणती गोळी वापरायची, किती अंतरावर नेम धरायचा, कोणत्या खेळात उतरायचे, हे बरेचसे ती नळीच ठरवते.

या रायफलीचा कारखाना उभा करणारा माणूस मुळात बंदूकवाला नव्हताच. ऑलिव्हर विंचेस्टर हा कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा शर्टांचा कारखानदार. डबघाईला आलेल्या एका बंदूक कंपनीत त्याने पैसा घातला. तिथला कुशल कारागीर बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० मध्ये पेटंट घेतले आणि हेन्री रायफल जन्माला आली. बहुतेक सैनिक तेव्हा तोंडातून ठासायच्या बंदुका वापरत आणि मिनिटाला जेमतेम तीन बार काढत. हेन्रीच्या पोटात सुमारे सोळा काडतुसे मावत. पण ती पुढच्या टोकाकडून भरावी लागत, आणि नळीला खालून उघडी फट असल्याने धूळमाती आत शिरे. १८६६ च्या विंचेस्टरमध्ये नेल्सन किंगने बाजूला स्प्रिंगची एक झडप बसवली. आता रायफल खांद्याजवळ ठेवूनच एकेक काडतूस आत सरकवता येऊ लागले आणि फटीची गरज संपली. ही झडप आजही अनेक लिव्हर रायफलींवर दिसते.

पुढचे मॉडेल १८७३ सालचे. त्याचे यंत्र कोपरासारखे चालते: सांधा सरळ झाला की बोल्ट घट्ट, दुमडला की मोकळा. चाल लोण्यासारखी, पण जोरकस काडतूस या सांध्याला पेलत नाही. ती अडचण बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याने सोडवली. त्याच्या १८८६ आणि १८९२ च्या मॉडेलांत बोल्टला उभ्या पोलादी खिट्ट्यांनी कुलूप लागते. मग आले १८९४ चे मॉडेल, आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी बिनधुराच्या दारूचे .३०-३० काडतूस. या एका मॉडेलच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली निघाल्या. तिकडे मार्लिन कंपनीने १८८९ मध्ये पुंगळी वर न उडवता बाजूने बाहेर काढली. तेव्हा ही बाब किरकोळ वाटली असेल, पण पुढे रायफलींवर दुर्बिणी चढू लागल्या तेव्हा तिचे मोल कळले. विंचेस्टरच्या १८९४ च्या मॉडेलची पुंगळी थेट वर उडत असल्याने तिच्या डोक्यावर दुर्बीण बसवता येत नसे. ती पुंगळी तिरकी काढायला विंचेस्टरला १९८० चे दशक उजाडले.

आता पुन्हा त्या बारीक नळीकडे. आतल्या प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेले असते, आणि मोठ्या काडतुसांत ठिणगी पाडणारा प्राइमर नेमका त्या बुडाच्या मध्यभागी असतो. टोकदार, कडक गोळी भरली तर बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने आतल्या आतच स्फोट व्हायचा धोका. म्हणून या रायफलींना चपट्या नाकाच्या गोळ्या लागतात. चपटे नाक हवा कापत नाही. गोळी लवकर मंदावते आणि लांबवर जास्त खाली येते. २००६ च्या सुमारास हॉर्नाडी कंपनीने मऊ, दबणाऱ्या टोकाच्या गोळ्या आणून ही अडचण बरीच हलकी केली, तरी दूरच्या नेमाला हाताने बोल्ट ओढून चालवायची बोल्ट रायफल ती बोल्ट रायफलच. शिवाय खालची नळी वरच्या नळीला पट्ट्यांनी जखडलेली आणि लाकूडही दोन तुकड्यांत, त्यामुळे बार उडताना मुख्य नळी मोकळेपणी थरथरत नाही. .३०-३० ची चांगली रायफल शंभर यार्डांवर दोन-तीन इंचांत गोळ्या घालते. हरणाच्या शिकारीला ते पुरेसे आहे. कागदावर एकाच भोकात गोळ्या घालण्याची हौस असेल तर नाही.

.२२ या छोट्या काडतुसाला मात्र टोकाचा हा धोका नाही. तिथे ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो, मध्यावर नाही. त्यामुळे साध्या गोल नाकाची गोळीही नळीत सुखाने राहते. धक्का नगण्य, आवाज सौम्य, आणि एक गोळी काही सेंटांना मिळते. .३०-३० चे एक काडतूस डॉलरच्या आसपास किंवा वर जाते, .४५-७० त्याहून महाग आणि खांदा सुजवणारे. दुपारभर शे-दोनशे बार काढायचे असतील तर हा हिशेब रायफलीच्या किमतीहून महत्त्वाचा ठरतो. हेन्री रिपीटिंग आर्म्स ही आजची कंपनी १९९६ मध्ये ब्रुकलिनमध्ये निघाली. जुन्या हेन्रीशी तिचे नाते केवळ नावाचे. तिची .२२ रायफल अनेकांची पहिली लिव्हर रायफल असते. मार्लिनची ३९-ए आता नव्याने बनत नाही, तरी जाणकार ती शोधत फिरतात. बाजूचा एक स्क्रू सोडला की तिचे दोन भाग होतात आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. विंचेस्टरच्या घाटाच्या रायफलींत गज तोंडातूनच घालावा लागतो, आणि निष्काळजीपणे घातला तर तोंडाची कड झिजून नेम बिघडतो.

खेळाची हौस असेल तर काडतूस बदलते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात ‘काउबॉय ॲक्शन’ नेमबाजी सुरू झाली. खेळाडू एकोणिसाव्या शतकातला पोशाख करतात, टोपणनाव घेतात आणि घड्याळाच्या काट्यावर जवळच्या पोलादी पाट्या ठोकतात. इथे पिस्तुलाच्या काडतुसांच्या रायफली आणि शिशाच्या मंदगती गोळ्याच चालतात, कारण वेगवान गोळी पाटीला खड्डे पाडते आणि तिचे तुकडे माघारी येऊ शकतात. वेगाच्या या खेळात १८७३ च्या घाटाची चलती आहे. कोपराची चाल आणखी आखूड करून देणारे कारागीरही आहेत. इटलीच्या उबेर्तीच्या प्रतिकृती इथे सर्रास दिसतात. कमी खर्चात भागवायचे तर ब्राझीलच्या रॉसीची १८९२ ची प्रतिकृती हलकी आणि मजबूत पडते. गंमत म्हणजे या मैदानांवर .४५ कोल्टच्या लिव्हर रायफली भरपूर दिसतात, पण जुन्या विंचेस्टर त्या काडतुसासाठी कधी बनल्याच नाहीत.

दुसरा खेळ मेक्सिकोतून आलेला. कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या आकाराच्या लोखंडी आकृत्या उभे राहून, कशाचाही आधार न घेता पाडायच्या. सर्वात दूरचा मेंढा दोनशे मीटरपर्यंत असतो. तो नुसता टिपून चालत नाही, आडवा पडावा लागतो. इथे .३०-३० ला तिचे खरे काम मिळते.

दोन्ही दगडांवर पाय ठेवायचा असेल तर .३५७ मॅग्नम. याच रायफलीत सौम्य .३८ स्पेशलही चालते. ब्रिटनमध्ये १९९७ च्या कायद्यांनी पिस्तुले बंद झाली, तेव्हा क्लबांतले अनेक पिस्तूलवाले याच काडतुसाच्या लिव्हर रायफलींकडे वळले.

दुकानात काय पाहावे? रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून कडी चार-दोनदा पूर्ण चालवावी. ती कुठे अडली तर सामन्यातही तिथेच अडेल. चित्रपटातली मोठी कडी जाड हातमोज्यांना सोयीची, पण एरवी बोटे तिच्यात हरवतात. जुन्या ढंगाच्या दस्त्याचे चंद्रकोरी पोलादी टोक देखणे असते, मात्र शंभर बारांनंतर खांद्यात रुतते. त्यापेक्षा सपाट टोक किंवा रबरी गादी बरी. लांब नळीवर नेमाची मागची खाच आणि माशी यांतले अंतर वाढते, त्यामुळे उघड्या डोळ्यांनी नेम धरणे सोपे जाते. जुनी मार्लिन घेताना नळीवर ‘जेएम’ ठसा आहे का, हे लोक पाहतात. रेमिंग्टनकडे ही कंपनी जाण्याआधीच्या काळाची ती खूण. २०२० मध्ये मार्लिन रुगरकडे गेली. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला आणि त्या नावाच्या लिव्हर रायफली आज जपानच्या मिरोकू कंपनीत बनतात.

रायफल रिकामी करण्याची पद्धतही दुकानातच विचारून घ्यावी. झडपेच्या जुन्या घाटात आतले प्रत्येक काडतूस कडी चालवूनच बाहेर काढावे लागते, आणि चढलेला घोडा अंगठ्याने अलगद उतरवताना नळीचे तोंड सुरक्षित दिशेलाच हवे. ज्यांची आतली नळी पुढून ओढून काढता येते, त्यांत हे काम सोपे होते. नवशिक्याला हा गुण मोठा. चष्मा आणि कानांची टोपणे रायफलीसोबतच घ्यावीत.

अमेरिकेतल्या मराठी वाचकाने एक गोष्ट आधी जाणून घ्यावी. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना तिथला संघीय कायदा बंदूक किंवा काडतुसे बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना यासारखे मोजकेच अपवाद आहेत. मैदानावर भाड्याने घेतलेली रायफलही यात येऊ शकते. ग्रीनकार्डधारकांना ही बंदी नाही, पण राज्याराज्याचे नियम वेगळे. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचा परवाना आहे, आणि ऑलिंपिक नेमबाजीत लिव्हर रायफलीला जागा नाही. तरी एक धागा जुळतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर तीन पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, ते याच .२२ लाँग रायफल काडतुसावर. त्याच्या हातात एकेक गोळी भरायची बोल्ट रायफल होती. तिच्या शेजारी लिव्हर रायफल अचूकतेत कुठेच उभी राहत नाही.

तिने उभे राहण्याची गरजही नाही. गुण मोजायचे असतील तर बोल्ट रायफल घ्यावी. पाटी ठणकवण्याचा आणि कडीच्या प्रत्येक झोक्याचा आनंद हवा असेल तर पहिली रायफल .२२, दुसरी .३५७, आणि .३०-३० चा विचार दूरचा मेंढा खुणावू लागल्यावर. काडतूस आधी ठरवले की पुढचे प्रश्न निम्मे होतात. विंचेस्टर की मार्लिन, हा वाद त्यानंतर खुशाल घालावा.