मुक्ताईच्या वाटेवर : खानदेशातील सामूहिक पायी चालण्याचा मागोवा

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या यावल, फैजपूर, रावेर या पट्ट्यात पहाटे फिरायला निघणारी मंडळे आता नवलाईची राहिलेली नाहीत. वैद्यकीय सल्ल्यावरून ती जमतात आणि बहुधा पावसाळा लागताच पांगतात. याच भागाच्या शेजारून, तापीकाठच्या कोथळीहून, संत मुक्ताईची पालखी दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात पंढरपूरकडे निघते आणि सुमारे 700 किलोमीटरची वाट महिनाभराहून थोड्या अधिक काळात पायी पार करते. ही परंपरा तीन शतकांहून जुनी असल्याचे सांगितले जाते. चालण्याचा एवढा दीर्घ सामूहिक उपक्रम टिकला कसा, या प्रश्नाला भक्ती हे एक उत्तर आहेच. परंतु भक्ती एकट्याने चालणाऱ्यालाही पुरते, समूहाला मात्र व्यवस्था लागते, आणि वारीच्या इतिहासात या व्यवस्थेकडे व्हावे तितके लक्ष गेलेले नाही.

वारी, म्हणजे ठरलेल्या तिथीला पंढरपूरला जाण्याचा नेम, ज्ञानेश्वरांच्याही आधीची मानली जाते. संतांच्या पादुका पालखीत ठेवून समूहाने चालण्याच्या पद्धतीचा आरंभ मात्र तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांच्याकडे, 1685च्या सुमारास जातो. त्यांनी ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या पादुका एकाच पालखीतून नेल्या. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांचा सोहळा वेगळा काढला व त्याला शिस्तबद्ध रूप दिले. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, आणि गावी परतताना सातपुड्यात वाटमाऱ्यांनी त्यांना गुहेत कोंडले असता हरिपाठाच्या बळावर त्यांची सुटका झाली, असे परंपरा सांगते. कथेचा तपशील पारखून घेण्याची सोय आज नाही. तरीही लष्करी तळ, मुक्काम आणि हुकूम यांची सवय असलेला माणूस वारीकडे वळला, ही गोष्ट पुढच्या रचनेचा उलगडा करण्यास पुरेशी आहे. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे व तंबू आले, वासकरांसारख्या फडकऱ्यांनी भजनाची घडी बसवली, आणि कोणती दिंडी पालखीच्या रथापुढे व कोणती रथामागे चालणार हे क्रमांकाने ठरले.

दिंडी हा या रचनेचा मूळ घटक होय. पुढे पताकाधारी, मग टाळकरी, मृदंगवादक, गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी आणि डोक्यावर तुळस किंवा पाण्याची घागर घेतलेल्या स्त्रिया, अशी साधारण मांडणी असते. एका गुरुपरंपरेतील दिंड्यांच्या समूहाला फड म्हणतात, तर जेवणखर्चासाठी वारकऱ्यांनी भरावयाच्या वर्गणीला भिशी. ही भिशी भरली की दोन वेळचे अन्न, राहुटीतील जागा आणि सामान वाहणाऱ्या गाडीतील कोपरा यांची चिंता उरत नाही. चालण्याचा वेग भजनाच्या ठेक्याला बांधलेला असल्यामुळे धडधाकट तरुणाला पुढे पळता येत नाही आणि साठीतली बाई फार मागे पडत नाही. आधुनिक चालण्याच्या गटांत नेमका हाच प्रश्न भांडणाचे मूळ ठरतो.

याहून महत्त्वाची गोष्ट आळंदीच्या, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या, सोहळ्यातील समाज आरतीत दिसते. दिवसाची मजल संपून पालखी तळावर आली की सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, चोपदार आपला दंड उंचावतो आणि टाळमृदंग एकाएकी थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, हरवल्या-सापडल्या वस्तूंची नावे पुकारली जातात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते आणि मगच आरती होते. तक्रार उद्यावर ढकलायची नाही आणि ती कुजबुजीतही मुरू द्यायची नाही, हा संकेत एखाद्या संस्थेच्या छापील घटनेपेक्षा अधिक नेमका आहे.

या व्यवस्थेला मर्यादा नव्हत्या असे नाही. इरावती कर्वे यांनी वारीतील अनुभवावर लिहिताना, एकत्र चालणारी व भजन करणारी माणसे जेवायला मात्र जातीनुसार वेगळी बसतात, याकडे बोट दाखवले होते. अमळनेरला पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी मे 1947मध्ये विठ्ठल मंदिर अस्पृश्यांसाठी खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले. वाट सर्वांची आणि गाभारा काहींचा, ही विसंगती शतकानुशतके चालत राहिली होती, आणि ती दूर करण्यासाठी वारीच्या अंगच्या शिस्तीचा उपयोग झाला नाही, हे मान्य करावे लागते.

वारीबाहेरही सामूहिक चालण्याला अर्थ मिळत होता. डिसेंबर 1936मध्ये यावल तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली झाले. त्यासाठी मुंबईहून ज्योत हातोहात पायी आणण्यात आली होती. त्याच दशकात इंग्लंडमध्ये, एप्रिल 1932मध्ये, किंडर स्काउट या डोंगरावर चालण्याचा हक्क मिळावा म्हणून कामगारांनी सामूहिक पदभ्रमण केले आणि त्यांपैकी काहींना तुरुंगवास झाला. एकीकडे चालणे हे प्रचाराचे साधन बनले, तर दुसरीकडे हक्काचा प्रश्न. वारकऱ्याला वाटेचा हक्क मागावा लागला नाही, कारण गावोगावच्या लोकांनी त्याला अन्नपाणी देणे आपले कर्तव्य मानले.

मुक्ताईच्या वारीची अडचण वेगळी आहे. मुक्ताबाई 1297मध्ये तापीकाठी मेहूण येथे विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावल्या अशी श्रद्धा असून, आषाढीच्या मानाच्या सात पालख्यांत स्त्रीसंताची पालखी तेवढी ही एकच आहे. अंतर मोठे असल्यामुळे ती आळंदी-देहूच्या पालख्यांच्या कितीतरी आधी निघते, आणि त्यामुळे खानदेशातील वारकरी शेतकऱ्याला खरिपाची पेरणी घरच्यांवर सोपवावी लागते. बुलढाणा, जालना, बीड हे जिल्हे ओलांडताना उन्हाळ्याचा शेवट आणि पावसाचा आरंभ दोन्ही रस्त्यातच गाठतात. 2020 व 2021मध्ये करोनामुळे मानाच्या पालख्या मोजक्या माणसांसह एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या; 2022मध्ये चालणे पूर्ववत सुरू झाले.

आळंदीच्या वारीवर दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’सारखे पुस्तक 1964मध्येच आले, मुक्ताईच्या वाटेविषयी मात्र त्या तोलाचे लेखन झालेले नाही. फैजपूर-यावल परिसरातील महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी या दिंड्यांच्या भिशीच्या वह्या, मुक्कामांच्या याद्या आणि वृद्ध विणेकऱ्यांच्या मुलाखती जमवण्याचे काम हाती घ्यावे. दिंड्यांमध्ये स्वयंपाकाचा भार वाहणाऱ्या स्त्रियांची नावे त्या वह्यांत नसतील, तर ती आधी नोंदवून घ्यावीत.