येरुहामचे तळे आणि त्याचा बांध

कोकणातून आलेल्या मंडळींना तळ्याचे अप्रूप वाटू नये. रेवदंडा, नवगाव, पेण, पनवेल या बाजूच्या गावांतून पाणी हे पाहावयास जाण्याची वस्तू नव्हती. आषाढात ते आपणच घरी येत असे. परंतु येरुहामला वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. अलिबागकडे एखाद्या मुसळधार दिवसात तेवढा पडून जातो! अशा ठिकाणी गावाबाहेर बेट्या बोडक्या टेकड्यांमध्ये निळे पाणी, काठी झाडांची सावली आणि पाण्यावर पोहणारी बदके दिसली, की दिमोना, बेएर शेवा आणि खुद्द येरुहाम येथील आपली कुटुंबे डबे बांधून तिकडे निघतात यात नवल नाही.

हे तळे निसर्गाने दिलेले नव्हे. येरुहामची वसाहत १९५१ साली सुरू झाली. त्याच दशकात नहाल रेविवीमच्या प्रवाहावर बांध घालून हिवाळी पुराचे पाणी अडविण्यात आले. नहाल म्हटले तरी आपल्या अर्थाने ती नदी नव्हे. वर्षातील बहुतेक दिवस तो कोरडा ओढा असतो. साठवलेले पाणी शेतीस द्यावे हा मूळ हेतू होता. सहलीची कल्पना मागाहून आली. पुढे केरेन कायेमेतने आसपास वृक्ष लावून उपवन केले. मधल्या काळात अनेक वर्षे गावाचे सांडपाणी तळ्यात उतरत असे, आणि काठावर बसणे नकोसे होई. त्यानंतर सुधारणेची कामे झाली आणि लोक पुन्हा येऊ लागले. तरीही ज्या पाण्याचा पूर्वेतिहास असा आहे, ते पाहण्यासाठी आहे, पोहण्यासाठी नव्हे, असेच आम्ही म्हणू. लहान मुलांना हातपाय धुण्यासही घरून आणलेलेच पाणी द्यावे.

आम्हांस हा विषय काढावासा वाटला याचे कारण तु बिश्वात. झाडांचा हा सण आपल्या समाजात मलिद्याशिवाय पुरा होत नाही. कोकणात ज्या खंडाळ्याला एलियाहू हान्नाबींच्या रथाची खूण दाखवितात, तेथे आपले पूर्वज याच सुमारास जात. येथे उघड्यावर झाडांच्या सान्निध्यात मलिदा करावयाचा, तर नेगेवमधील मंडळींना येरुहामच्या तळ्यासारखे दुसरे ठिकाण जवळ नाही. पण तु बिश्वात येतो जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे ऐन पावसाळ्यात. सुक्कोथ आणि पेसाह हे सहलीचे दुसरे दोन मोसम. तेही वाळवंटी पुरांच्या आरंभीच्या आणि अखेरच्या दिवसांत पडतात. आपला सण आणि पुराचा दिवस एकच ठरण्याचा संभव यामुळे कायम राहतो.

धरण लहान आहे म्हणून निर्धास्त असावे, हा समज आम्हांस मान्य नाही. मोठ्या धरणावर अभियंते असतात, मोजमापाची उपकरणे असतात, रात्रपाळीचा पहारा असतो. लहान बांधाकडे वर्षभर कोणी ढुंकून पाहत नाही, आणि पावसाच्या एका रात्रीत त्याच्याकडून मोठ्या धरणाइतकेच काम मागितले जाते. पुण्याहून आलेल्या वडीलधाऱ्यांना १२ जुलै १९६१ ची सकाळ सांगावी लागत नाही. पानशेतच्या धरणाचे काम पुरे व्हावयाचे होते आणि जलाशय मात्र भरला. पाणी सोडण्याच्या मोरीवरील मातीचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. तरी सकाळी धरण फुटले, आणि त्या लोंढ्यापुढे त्याच दिवशी खडकवासल्याचे जुने दगडी धरणही टिकले नाही. मुठेचे पाणी पेठांत शिरले. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहानसे मातीचे धरण फुटले व झोपलेली माणसे वाहून गेली. त्या धरणाला गळती असल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. आम्ही या गोष्टीचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण गळती ही सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसणारी खूण आहे.

कोणत्याही बांधापासून थोडे पाणी पाझरणे स्वाभाविक आहे. पाझर स्वच्छ असेल आणि वर्षानुवर्षे तेवढाच असेल, तर चिंता नाही. तो गढूळ झाला, की समजावे की पाणी आपल्याबरोबर बांधाच्या पोटातील माती वाहून नेत आहे; आत पोकळ वाट तयार होते आणि ती झपाट्याने रुंदावते. बांधाच्या पायथ्याशी पूर्वी नसलेली ओल, हिरवळीचा नवा पट्टा, माथ्यावर लांबट भेग किंवा खळगा, उतारावर उंदीर-घुशींची बिळे, ही सारी लक्षणे वैद्याने नाडी पाहावी तशी पाहण्यासारखी आहेत. मातीच्या बांधावर मोठी झाडे असू नयेत. केरेन कायेमेतच्या देशात झाडाविरुद्ध लिहिणे धाडसाचेच. पण झाड मेले, की त्याची कुजलेली मुळे पाण्याला वाट देतात.

यांहून महत्त्वाचा भाग म्हणजे सांडवा. तळे भरल्यावर जास्तीचे पाणी सुखरूप निघून जावे म्हणून ठेवलेली ही वाट असते. मातीच्या धरणाचा मोठा शत्रू म्हणजे माथ्यावरून ओसंडणारे पाणी. ते खालचा उतार कापीत जाते. सांडव्यात बोरू, काटक्या, प्लॅस्टिकचा कचरा अडकला, तर बांध कितीही भक्कम असला तरी उपयोग नाही. सहलीस येणाऱ्यांनी टाकलेली पिशवी कोठे जाते याचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते. शिवाय नेगेवचा पूर निव्वळ पाणी आणीत नाही. वाऱ्याने साठविलेली पिवळी, पिठासारखी माती त्यात कालवलेली असते. ती तळाशी बसत जाते आणि तळ्याची खोली वर्षागणिक घटते. म्हणजे पूर तितकाच, पण त्याला सामावून घेणारे भांडे लहान. याच गाळामुळे काठाची जमीन वरून सुकलेली दिसते व आत चिखल असतो. पाय रुतला तर मोठ्या माणसालाही तो सहज काढता येत नाही.

असे काही विपरीत दिसले, तर त्याची पाहणी आपण करीत बसू नये. बांधावरून व त्याच्या खालच्या बाजूने मुलेमाणसे हलवावीत आणि नगरपालिकेस कळवावे. प्रत्यक्ष धोका असेल तर पोलिसांचा क्रमांक १०० आणि मागेन दाविद आदोमचा १०१ आहे.

तरीही खरे सांगावयाचे, तर या भागात बांधापेक्षा अधिक बळी कोरड्या ओढ्यांनी घेतले आहेत. २६ एप्रिल २०१८ रोजी नहाल त्साफीतमध्ये अकस्मात आलेल्या लोंढ्यात सहलीस गेलेली दहा तरुण मुले-मुली मृत्युमुखी पडली. कोकणातील माणूस पाऊस पाहून पुराचा अंदाज करतो. येथे हा अंदाज फसतो. डोक्यावर ऊन असते आणि पाऊस वीस-तीस किलोमीटरवरच्या डोंगरात पडलेला असतो. उघडा खडक व पापुद्रा धरलेली माती पाणी शोषीत नाहीत, त्यामुळे ते लगेच ओढ्यात उतरते. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडते. त्याहून थोडे अधिक झाले की मोटारही तरंगू लागते. म्हणून हवामान खात्याने पुराचा इशारा दिला असेल त्या दिवशी सहल रद्दच करावी. बसचे भाडे बुडते हे खरे. पण त्याची भरपाई होऊ शकते. एरवीही बस ओढ्याच्या पात्रात किंवा बांधाच्या खालच्या अंगास उभी करू नये आणि मलिद्याचे ताट उंच जागी मांडावे.

ही काळजी घेतली, तर तेथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. वसंतात व शरदात आफ्रिका आणि युरोप यांच्यामध्ये ये-जा करणारे पक्षी इस्राएलवरून जातात. त्यांची संख्या सुमारे ५० कोटी मानतात. वाळवंट ओलांडणाऱ्या पाखरांना असे तळे म्हणजे धर्मशाळाच. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी पाण्यावर दिसेल. त्याला मराठीत वारकरी म्हणतात हे मुलांना अवश्य सांगावे. सुक्कोथच्या सुमारास शेपटी हलवीत येणारा नहलिएली म्हणजे आपला धोबी पक्षी. पावसाळा सरल्यावर तो कोकणातही येतो, तेव्हा आजोबा आणि नातू यांची ओळख एकाच पाखराशी असू शकते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गावाजवळच्या राखीव क्षेत्रात गडद जांभळट-तपकिरी रंगाचा येरुहाम आयरिस फुलतो. तो तोडण्यास कायद्याने मनाई आहे. जवळच एक प्राचीन विहीर असून बेरेशीथमधील हागारच्या कथेशी लोक तिचा संबंध जोडतात. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी मोठ्या मख्तेशमधील रंगीत वाळू पाहावी. मात्र या प्रचंड खोलगटाचे सारे पाणी एकाच अरुंद फटीतून बाहेर पडते, हे वाटेस लागण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

दिमोनाजवळच्या ममशीतला तर प्रत्येक मंडळाने एकदा जावेच. नबाती लोकांनी तेथे नगराखालच्या ओढ्यावर दगडी बांध घालून पुराचे पाणी धरले होते. २००५ साली हे नगर जागतिक वारशाच्या यादीत गेले. येरुहामचे तळे पाहून झाल्यावर, दुपार कलण्यापूर्वी तेथे पोहोचता येते. फाटक बंद होण्याची वेळ हिवाळ्यात लवकरची असते, तेव्हा निघण्याआधी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे, आणि शुक्रवारी जाणार असाल तर शब्बाथच्या दिव्यांपूर्वी घरी परतण्याचा हिशेब करूनच निघावे.