मापावरून शोध : बीड जिल्ह्यातील जुन्या मोटारसायकली आणि त्यांचे सुटे भाग

बीडसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या मोटारसायकली पोहोचल्या, त्यांत तीन घराणी प्रमुख मानावी लागतात. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची १७३ सीसीची राजदूत पोलंडमधील एसएचएल एम-११ या गाडीवर आधारलेली होती. १९६० साली स्थापन झालेल्या म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने आधी जावा आणि पुढे येझदी या नावाने झेकोस्लोव्हाकियातील रचनेच्या गाड्या बनवल्या व १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. आणि १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट मूळची इंग्लंडची. बुलेट हे नाव बाजारात टिकले, तरी ओतीव लोखंडी सिलिंडरचे तिचे जुने इंजिन बंद झाले, आणि जावा व येझदी ही नावे अनुक्रमे २०१८ व २०२२ मध्ये नव्या कंपनीने पुन्हा आणली असली, तरी त्या गाड्यांचे इंजिन सर्वस्वी वेगळे असल्याने जुन्या गाडीच्या मालकाला त्यांचा उपयोग नाही. त्यामुळे या तिन्ही घराण्यांतील जुनी गाडी चालती ठेवण्याचा भार कंपनीवरून उतरून स्थानिक मिस्त्री, लेथवाला आणि स्वतः मालक यांच्यावर आला आहे.

सुट्या भागांचा शोध गावातील दुकानापासून सुरू होऊन बहुधा जिल्ह्याबाहेर जातो. धुळे–सोलापूर महामार्गाने छत्रपती संभाजीनगर गाठणे सोयीचे. तिथे न मिळाल्यास पुण्याची नाना पेठ, मुंबईचा चोर बाजार, नाहीतर दिल्लीचे करोल बाग, आणि ठरलेला माल एसटीच्या पार्सलने किंवा कुरिअरने येतो. या बाजारांत मिळणारा माल तीन प्रकारचा असतो : कंपनीच्या काळातला न वापरलेला शिल्लक साठा, नंतर छोट्या कारखान्यांनी काढलेला, ज्याला दुकानदार सरळ ‘डुप्लिकेट’ म्हणतात तो, आणि भंगारातील गाड्यांतून सोडवलेला. शिल्लक साठ्याला सर्वाधिक भाव मिळतो, परंतु तो सर्व भागांच्या बाबतीत योग्य नाही. गिअर किंवा स्प्रॉकेट चाळीस वर्षे ग्रीस लावून ठेवले तरी बिघडत नाही, मात्र रबराचे ऑइल सील पाकिटात पडून राहूनही कडक होते व बसवल्यावर थोड्याच दिवसांत गळते. दोन-स्ट्रोक इंजिनात ही चूक महागात पडते, कारण तेथे पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पेटीत, दाबले जाते. तिथल्या सीलमधून बाहेरची हवा आत आली की मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो.

गाडीच्या नावाने भाग मागणारा माणूस बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो. मापाने मागणाऱ्याला तोच भाग अनेकदा तालुक्याच्या गावीच सापडतो. बेअरिंगचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक जगभर एकच अर्थ सांगतो : ६३०५ म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ६२ आणि जाडी १७ मिलिमीटर, मग ते मोटारसायकलचे असो वा विहिरीवरच्या मोटारीचे. बीड जिल्ह्यात विहिरी आणि बोअर यांवर शेती उभी असल्याने मोटार भरून देणारी, म्हणजे तिच्या तारांची गुंडाळी नव्याने करणारी दुकाने जागोजाग आहेत, आणि जुन्या गाडीला लागणारे बेअरिंग तिथल्या फळीवर असण्याची शक्यता स्पेअर पार्टच्या दुकानापेक्षा कमी नसते. क्रमांकाच्या पुढची अक्षरेही मात्र पाहावी लागतात. ‘सी-३’ अशी खूण असलेल्या बेअरिंगमध्ये गोळ्यांना नेहमीपेक्षा थोडी अधिक मोकळीक ठेवलेली असते, आणि तापणाऱ्या क्रँकला तीच लागते. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास व रुंदी असे तीन आकडे असतात. येथे मिस्त्रीचे खरे अवजार पाना नसून व्हर्निअर कॅलिपर ठरते.

आट्यांच्या बाबतीत तिन्ही घराण्यांतील फरक उघड होतो, आणि सर्वाधिक नुकसानही इथेच होते. जावा व राजदूत यांचे आटे मेट्रिक पद्धतीचे, म्हणजे मिलिमीटरच्या हिशेबाचे, तर जुन्या बुलेटमध्ये इंचाच्या हिशेबाचे इंग्रजी आटे आढळतात. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा, व्हिटवर्थ या इंग्रजी घराण्यातील आट्याचा ५५ अंशांचा. त्याच घराण्यातील पाव इंची बीएसएफ बोल्टला एका इंचात २६ आटे असतात, त्यामुळे दोन आट्यांमधील अंतर एक मिलिमीटरपेक्षा किंचित कमी पडते, आणि सहा मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टचे हे अंतर बरोबर एक मिलिमीटर असते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. चुकीचा बोल्ट पहिले दोन-तीन फेरे सहज घेतो, मग घट्ट वाटू लागतो, आणि घट्टपणालाच पक्केपणा समजून पाना जोराने फिरवला की ॲल्युमिनियमच्या खोक्यातले आटे निघून हातात येतात. त्यावर उपाय म्हणजे भोक मोठे करून त्यात नवे आटे पाडणे किंवा पितळी बुश बसवणे. पण वीस रुपयांच्या बोल्टसाठी इंजिनच्या खोक्याला घाव घालावा लागणे ही टाळता येण्याजोगी हानी आहे, आणि ती टाळण्यासाठी आटे मोजण्याचा गेज प्रत्येक गॅरेजमध्ये असायला हवा.

सिलिंडर झिजल्यावर तो बोअर केला जातो, म्हणजे आतून नेमक्या मापाने कोरून त्यात थोडा मोठा, ‘ओव्हरसाइझ’ पिस्टन घातला जातो. ही वाढ साधारणपणे पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी होते, आणि एक मिलिमीटरनंतर बहुधा लायनर, म्हणजे लोखंडी नळी, बसवून मूळ मापावर परत यावे लागते. जुन्या जावाचा बोअर ६५ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. या मापाचा पिस्टन न मिळाल्यास दुसऱ्या गाडीचा जुळवून घेण्याचा मोह होतो, पण केवळ व्यास जुळून भागत नाही : पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनचा व्यास आणि त्या पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची हीही जुळावी लागतात. दोन-स्ट्रोकमध्ये पिस्टनच सिलिंडरमधील पोर्ट, म्हणजे मिश्रण व धूर जाण्या-येण्याच्या खिडक्या, उघडतो आणि बंद करतो, शिवाय रिंगचे तोंड खिडकीसमोर येऊ नये म्हणून खाचेत बारीक खुंटी असते. हे न पाहता बसवलेल्या पिस्टनची रिंग खिडकीत अडकून तुटते.

ट्रॅक्टर आणि पाण्याच्या पंपांच्या कामावर चालणारे लेथ ही या जिल्ह्याची मोठी ताकद आहे. बुश, स्पेसर, ॲक्सल, ब्रेकचा पिव्हट असे भाग तिथे मूळच्या तोडीचे, क्वचित त्याहून सरस बनतात. क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल तर साध्या तारेला डाग देऊन, म्हणजे कथलाने निपल जोडून, गॅरेजमध्येच तयार होते. क्रँक पिन मात्र लेथवर घडवू नये. तिच्यावरून रोलर धावतात, त्यामुळे वरचा थर काचेसारखा कठीण आणि गाभा चिवट असा दुहेरी गुण तिच्यात लागतो. साध्या पोलादाची पिन, माप कितीही अचूक असले, तरी लवकरच खड्डे पडून निकामी होते.

जुळवणीला कायद्याचीही मर्यादा आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा बदल न केलेल्या दुचाकीला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. शेतावर आणि बाजारला रोज जाणाऱ्या राजदूतच्या मालकाला ही सवलत कामाची नाही. त्याला बीडच्या एमएच-२३ किंवा अंबाजोगाईच्या एमएच-४४ परिवहन कार्यालयात, पहिल्या १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी, नेहमीचे नूतनीकरणच करावे लागते, आणि त्या वेळी इंजिन व चासीचे क्रमांक कागदांशी ताडले जातात. इंजिनचा क्रमांक क्रँककेसवर कोरलेला असल्याने भंगारातून आणलेली धड क्रँककेस बसवली की कागद आणि गाडी यांचा मेळ तुटतो. म्हणून तडा गेलेली मूळ क्रँककेस आधी तापवून आर्गन वेल्डिंगने जोडणे, आणि उष्णतेने वाकलेली बेअरिंगची बैठक पुन्हा मापात कोरून घेणे, हे वेळखाऊ असले तरी अधिक शहाणपणाचे काम मानले पाहिजे.