हवेनें थंड होणाऱ्या जुन्या गाडीचा हीटर : योग्य भाग कसा ओळखावा

पहाटे दादरच्या फुलबाजारांत माल उतरवून मोकळे झालेले आमचे कित्येक शेतकरी बंधु घरीं परतण्यापूर्वीं गिरगांवांत ऑपेरा हाउसच्या बाजूस असलेल्या मोटारभागांच्या दुकानांकडे वळतात. कोणास पट्टा पाहिजे असतो, कोणास बेअरिंग. एखाद्याच्या चिठीवर मात्र निराळीच मागणी असते : पडवींत उभ्या असलेल्या, वडिलांच्या वेळच्या फोक्सवागन बीटलला हीटर पाहिजे. शेतीच्या मासिकांत मोटारीच्या हीटरची चर्चा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, विहिरीवरील हवेनें थंड होणारें तेलाचें एंजिन, आयशरचा जुना ट्रॅक्टर आणि ही गाडी हीं एकाच कुळांतलीं यंत्रें आहेत; शिवाय या गाडींत हीटरचा भाग फुटका बसला तर प्रसंग जिवावर बेततो.

पाण्यानें थंड होणाऱ्या गाडींत हीटरला एंजिनांतलें ऊन पाणी मिळतें. बीटलमध्यें पाणीच नाहीं. तिचें एंजिन मागें असतें, व त्यावरील पंखा सिलिंडरांच्या पात्यांवर हवा मारतो. हीटरसाठीं ऊब घ्यावयाची ती धुराच्या नळीपासून. एंजिनाच्या दोहों बाजूंस या नळीभोंवतीं पत्र्याची एक एक पेटी असते, व आंत नळीवर अल्युमिनियमच्या पात्या बसविलेल्या असतात. पंख्याकडून आलेली हवा या पात्यांवरून जातांना तापते, आणि दारांच्या उंबरठ्यांतील पोकळ वाटेनें पायांपाशीं व समोरच्या कांचेवर येते. म्हणजे विषारी धूर आणि आपण श्वासांत घेतों ती हवा यांच्यामध्यें केवळ एका नळीची भिंत. ती गंजून भोंक पडलें कीं कार्बन मोनॉक्साइड वायु गाडींत शिरतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्यास तो प्राणवायूपेक्षां दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधीं डोकें दुखतें, मग गुंगी येते, आणि गुंगींत असलेल्या माणसास कांच खालीं करण्याचें सुचत नाहीं.

मुंबईच्या हवेंत हीटरची गरज ती काय ? म्हणून तेथें वावरलेल्या गाडींतून हा भाग पुष्कळदां निघून गेलेला असतो, व त्याच्या जागीं साधी वांकडी नळी बसविलेली असते. यांत एक वेळ दोष नाहीं. परंतु पेटीकडे हवा नेणारीं जीं दोन तोंडें पंख्याच्या कवचास असतात, तीं झांकणें घालून बंद केलीं पाहिजेत. तीं उघडीं राहिलीं तर सिलिंडरांच्या वांट्याची हवा वायां जाते, आणि कसाऱ्याचा घाट चढतांना एंजिन तापतें. आमच्यांतील कांहीं जण पंपाच्या एंजिनावरील पत्रा काढून ठेवतात व उघडें एंजिन अधिक थंड राहतें असें समजतात. ही समजूत अगदीं उलटी आहे. पत्रा हवेला वाट दाखवितो. निफाडकडच्या थंडींत पहाटे निघणारास, किंवा श्रावणांत घाटांत समोरची कांच धुरकटली म्हणजे, हीटरचें मोल कळतें. तेव्हां आमच्या भागांतील मालकानें तो परत बसवावा हेंच आम्हांस रास्त वाटतें.

अडचण ही कीं, दुकानदार ‘बीटलचा हीटर’ म्हणून जें पुढें ठेवतो तें नेहमीं एकच नसतें. ही गाडी भारतांत कधींच तयार झाली नाहीं. कंपनीचा चाकणचा कारखाना २००९ सालचा, व त्यांतील गाड्या पाण्यानें थंड होणाऱ्या. बीटलची शेवटची गाडी मेक्सिकोंत ३० जुलै २००३ रोजीं बाहेर पडली, तोंपर्यंत एकूण संख्या दोन कोटी पंधरा लाखांवर गेली होती, आणि इतक्या वर्षांत हीटर अनेकदां बदलला. सर्वांत मोठा फरक १९६२ च्या अखेरचा. त्यापूर्वीं सिलिंडरांवरून तापून आलेलीच हवा आंत येई, व तिच्याबरोबर तेलाचा वासहि. पुढील रचनेंत पंख्याच्या कवचास वर सांगितलेलीं दोन तोंडें आलीं, व स्वच्छ हवा नळ्यांतून थेट पेट्यांकडे जाऊं लागली. जुन्या कवचाशीं नवी पेटी जोडूं गेल्यास नळी लावावयास जागाच सांपडत नाहीं.

दुसरा भेद एंजिनाच्या आकाराचा. १२०० घन सेंटिमीटरचें एंजिन रुंदीला कमी, म्हणून त्याची पेटी १३००, १५०० वा १६०० ला बसत नाहीं, मिस्त्रीनें कितीहि ठोकली तरी. या तिघांच्या पेट्या मात्र बहुधा एकमेकींच्या जागीं चालतात. येथें गाडीच्या कागदांवरील सालावर विसंबूं नये, कारण साठ वर्षांत एंजिन बदललेलें असूं शकतें. डायनामोच्या बैठकीखालीं क्रँककेसवर नंबर ठोकलेला असतो. ऑगस्ट १९६५ पासून त्याच्या आरंभीं रोमन अक्षर येतें : डी म्हणजे १२००, एफ म्हणजे १३००, एच म्हणजे १५००; १९७० पासून एबी म्हणजे १३०० व एडी म्हणजे १६००. नुसता आंकडा असेल तर एंजिन त्यापूर्वींचें. हा नंबर उतरून घेतल्याशिवाय मुंबईची वाट धरूं नये.

अस्सल भागावर तीन-तीन आंकड्यांच्या गटांचा क्रमांक असतो. मधला गट २ नें सुरू झाला तर तो भाग इंधन, धूर व हीटर या खात्यांतला. अखेरचा आंकडा सामान्यतः विषम असल्यास भाग डावा, सम असल्यास उजवा. डावें-उजवें गाडींत पुढें तोंड करून बसल्यावर ठरवावें.

नवी पेटी घ्यावी कीं जुनी ? हलक्या प्रतीच्या नव्या पेटींत पात्या थोड्या किंवा मुळींच नसतात, आणि ती बसवूनहि गाडी थंडच राहते. तोंडांतून बॅटरीचा उजेड टाकून पाहावें. चोरबाजारांत मटन स्ट्रीटवर जुनी अस्सल पेटी हातीं लागली व ती धड असली, तर आम्ही तीच घेऊं. हलवून पाहावी, आंत खुळखुळलें तर पात्या सुटल्या आहेत. हवेच्या वाटेंत काजळी दिसली तर नळी फुटली समजावें. शंका उरलीच तर धुराच्या नळीचें एक तोंड लांकडी बुचानें घट्ट बंद करून दुसऱ्यांतून पाणी भरावें. पेटींतून थेंब गळला कीं सौदा मोडावा. परळ-लालबागकडच्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराकडून बाहेरचा पत्रा सुधारून घेण्यास हरकत नाहीं, परंतु आंतल्या नळीस ठिगळ देऊन ती वापरणें आम्ही पत्करणार नाहीं, मग बचत कितीहि होवो.

केबलहि त्या त्या प्रकारचीच मागावी : १९६४ च्या नमुन्यापर्यंत हीटर उघडण्यास फिरविण्याची मूठ असे, पुढें हँडब्रेकच्या दोहों बाजूंस दांडे आले. खाऱ्या हवेंत वावरलेल्या गाडीचे उंबरठे आंतून गंजलेले असतात, आणि ते केवळ हवेची वाट नसून सांगाड्याचा आधारहि आहेत; तेथें पत्रा गेलेला असल्यास तें काम आधीं उरकावें. पेटी बसविल्यावर पहिल्या फेरीस कांचा उघड्या ठेवाव्या, व धुराचा वास येतांच हीटर बंद करून, गाडी थांबवून, पेटी काढून पुन्हां पाण्याची परीक्षा घ्यावी.